सोपवून दिलेली श्रद्धा

रविवारी सकाळी बोरिवलीची आय. सी. कॉलनी, अंधेरीतले मरोळ किंवा आंबोली, अशा कुठल्याही चर्चसमोर थोडा वेळ उभे राहिले तर इथला ख्रिस्ती माणूस श्रद्धेच्या बाबतीत थंडावला आहे असे कुणी म्हणणार नाही. एकामागून एक मिस्सा होतात, बाके भरतात, उशिरा आलेले लोक व्हरांड्यात उभे राहून प्रार्थनेत भाग घेतात. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये 8 सप्टेंबर 1948 रोजी सुरू झालेली बुधवारची नोव्हेना आजही दिवसभर चालते. तिला उपनगरांतून लोकलने माणसे जातात आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी येऊन स्थिरावलेली मराठी प्रोटेस्टंट कुटुंबे आपली रविवारची उपासना चुकवत नाहीत. तरीही या गर्दीतल्या एखाद्या प्रामाणिक माणसाला एकांतात विचारले तर तो वेगळेच सांगेल. प्रार्थना तोंडाने म्हटली जाते, पण मन तिच्यात नसते. बायबल काचेच्या कपाटात नीट ठेवलेले आहे. पापनिवेदनाला शेवटचे कधी गेलो ते आठवत नाही. आणि या सगळ्याचे आता फारसे वाईटही वाटत नाही. या कबुलीतले शेवटचे वाक्य मला सर्वांत गंभीर वाटते, आणि हा लेख त्या वाक्याविषयी आहे.

आधी एक भेद नीट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळे अनेक श्रद्धाळू माणसे स्वतःला उगाच दोष देतात आणि अनेक उदासीन माणसे स्वतःची उगाच समजूत घालतात. प्रार्थनेत गोडी न वाटणे ही एक अवस्था आहे आणि देवाविषयी काहीच न वाटणे ही दुसरी. सोळाव्या शतकातला स्पॅनिश साधू, क्रूसाचा संत योहान, याने या दोहोंत फरक कसा ओळखावा हे सांगून ठेवले आहे. ज्याला देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातल्या दुसऱ्या कशातही वाटत नाही, आणि आपण देवापासून दुरावत आहोत की काय या काळजीने जो बेचैन असतो, त्याची ती अवस्था कोरडेपणाची असते. तिच्यातून देव त्याला पुढेच नेत असतो. मदर तेरेसांची पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की जवळजवळ पन्नास वर्षे त्या आतल्या अंधारात काम करत होत्या. पण त्या अंधाराची त्यांना वेदना होती आणि पहाटेची प्रार्थना त्यांनी सोडली नव्हती. उदासीन माणसाचे तसे नसते. त्याची बाकीच्या आयुष्यातली गोडी शाबूत असते. मुलांचे निकाल, घराचे रीडेव्हलपमेंट, सुट्टीतली गोव्याची सहल या सगळ्यांत त्याचा जीव असतो. फक्त देवाच्या बाबतीत तो पाट्या टाकत असतो. आणि ज्याला जगण्यातल्या कशातच रस उरलेला नाही, झोप-भूक बिघडली आहे, त्याचा प्रश्न बहुधा वेगळा असतो. त्याने प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जावे, त्यात श्रद्धेचा कमीपणा नाही.

या उदासीनतेची नेहमी सांगितली जाणारी कारणे आपल्याला पाठ आहेत. वेळ नाही, लोकलची धावपळ आहे, मोबाइल आहे, पैसा आला, प्रवचने कंटाळवाणी असतात. यांतले एकही कारण पुरे पडत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंना हाच आजार होता. त्यांच्यातल्याच एव्हाग्रियसने त्याला स्तोत्र 91 मधल्या दुपारच्या संकटाशी जोडले होते, आणि त्याच्या पाठोपाठ योहान कॅसियनने अशा साधूचे जे वर्णन केले ते आजच्या माणसालाही ओळखीचे वाटेल. तो सारखा सूर्याकडे बघतो, अजून किती वेळ आहे म्हणून. कुणी भेटायला येतोय का म्हणून खोलीबाहेर डोकावतो. आपली ही जागाच वाईट आहे, दुसरीकडे गेलो तर मन लागेल, असे त्याला वाटत राहते. त्याच्याकडे ना मोबाइल होता ना सव्वाआठची फास्ट. तेव्हा गर्दी आणि घाई यांमुळे हा आजार बळावत असेल, पण त्याचे मूळ तिथे नाही.

माझ्या मते आपल्या उपनगरांतल्या उदासीनतेचे मूळ असे आहे की आपण श्रद्धा सांभाळायला दुसऱ्याकडे देऊन टाकली आहे. आपले धर्मग्राम, आपल्या मंडळ्या या बहुतेक ठिकाणी चांगल्या चालवलेल्या संस्था आहेत, आणि त्यांच्या चांगुलपणामुळेच हे सोपवणे सहज घडते. मुलाला येशूची गोष्ट सांगायची जबाबदारी रविवारच्या धर्मशिक्षण वर्गाकडे गेली. आजाऱ्याला भेटायचे काम त्यासाठी नेमलेल्या गटाकडे, गरिबाला मदत करायचे काम सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडे, बायबल वाचायचे काम मिस्सेत वाचन करणाऱ्याकडे, आणि आपल्या अडचणी देवापुढे मांडायचे काम नोव्हेनेकडे गेले. यांतली प्रत्येक व्यवस्था स्वतंत्रपणे पाहिली तर स्तुत्यच आहे. पण त्यांची बेरीज अशी होते की साध्या ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला स्वतः करण्यासारखे काही उरत नाही. वर्गणी द्यायची आणि हजर राहायचे, एवढेच. ज्या गोष्टीची आपल्यावर जबाबदारी नाही, तिच्याविषयी फार काळ काही वाटत राहणे माणसाच्या स्वभावात नाही. तिच्याविषयी प्रेम वाटते म्हणून आपण जबाबदारी घेतो हे खरे, पण जबाबदारी घेतल्याने प्रेम टिकते हेही तितकेच खरे, आणि या दुसऱ्या अर्ध्याकडे आपले दुर्लक्ष झाले आहे.

हे नुसते तर्काने म्हणत नाही. या भूमीतल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास तेच सांगतो. 1737 ते 1739 या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकून घेतली तेव्हा युरोपीय मठवासी धर्मगुरू निघून गेले. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांवर फ्रान्सिस्कनांनी उभारलेल्या इमारती ओस पडल्या. हाती उरले मोजके देशी धर्मगुरू आणि शेती-मासेमारी करणारी गावे. त्या गावांची श्रद्धा पोर्तुगीज सत्तेने लादलेली आणि सत्तेच्याच आधाराने उभी आहे, असे म्हणणाऱ्यांची अपेक्षा होती की आधार गेल्यावर ती मोडून पडेल. ती मोडली नाही. आज अंधेरीत सीप्झच्या आवारात कोंडिविट्याच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. येशूसंघीयांनी ते 1579 मध्ये बांधले आणि 1840 च्या सुमारास साथीच्या रोगामुळे गावकऱ्यांनी ते सोडले. पण सोडून गेलेले लोक मरोळला एकत्र आले, तिथे त्यांनी नवे चर्च उभे केले, आणि ती वस्ती, ती श्रद्धा आजही नांदते आहे. छप्पर नसलेल्या त्या जुन्या भिंतींत वर्षातून एकदा मे महिन्यात मिस्सा होते. माझा मुद्दा असा की या समाजाची श्रद्धा जेव्हा जेव्हा कसोटीला लागली, तेव्हा ती इमारतीने किंवा अधिकाऱ्याने वाचवली नाही. घरांनी आणि गल्ल्यांनी वाचवली.

गल्लीतली ती व्यवस्था कशी होती हे आजही जुन्या गावठाणांत बघायला मिळते. चकाला, सहार, मरोळ, आंबोली, गोराई इथे घरांच्या मधोमध किंवा वाटेच्या वळणावर दगडी क्रूस असतात. मुंबई आणि उपनगरांतले असे अनेक क्रूस 1896 च्या प्लेगमध्ये लोकांनी उभारले. साथ आपल्या वस्तीवरून टळावी म्हणून कुणी, टळली म्हणून कुणी. मे महिन्याच्या संध्याकाळी क्रूसाला झेंडूची माळ पडते, पायाशी मेणबत्त्या लागतात, शेजारच्या घरांतून प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर येतात. जपमाळ सुरू करते ती वस्तीतली एखादी म्हातारी बाई, तिला कुणी नेमलेले नसते. एक घर आज, दुसरे उद्या, अशी पाळी लागलेली असते, आणि शेवटी ज्यांची पाळी ते उकडलेले चणे सगळ्यांच्या हातावर ठेवतात. इथे फादर असलेच पाहिजेत असे नाही. मेणबत्ती विझली तर ती पुन्हा लावणारा हात शेजाऱ्याचा असतो, आणि ज्याची पाळी आहे त्याने चणे भिजत घातले नाहीत तर प्रार्थनेला आलेल्यांच्या ते लक्षात येते. या साध्या नेमाने पिढ्यान्‌पिढ्या एका समाजाला उदासीन होऊ दिले नाही, आणि तो नेम टॉवरच्या लॉबीत आला नाही याची दखल आपण पुरेशी घेतलेली नाही.

आता ज्या व्यक्तीच्या आयुष्यातून हा मुद्दा सर्वांत स्पष्ट होतो तिच्याकडे वळतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथे झाला. बाप्तिस्मा घेतला म्हणजे चर्चने दिलेले सगळे विनातक्रार स्वीकारले, असे त्यांनी केले नाही. वॉन्टेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात सिद्धान्तांवरून कडाक्याचे वाद आहेत. एका पुरोहितशाहीतून महत्प्रयासाने सुटलेली मी दुसरीच्या हाती माझा विवेक देणार नाही, हा त्यांचा सूर होता. त्या भारतात परतल्या, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. काम अफाट होते, निष्ठा निर्विवाद होती. तरीही 1907 साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना एक गोष्ट उमगली. ख्रिस्ताचा धर्म आपल्याला मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. ही जाणीव होण्यात विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मगुरूच्या आत्मकथनाचा वाटा होता. हा हॅसलम कॉर्नवॉलमध्ये अनेक वर्षे धर्मसेवा करत होता, आणि 1851 मध्ये स्वतःच्याच चर्चमध्ये स्वतः प्रवचन देत असताना त्याला प्रथम कळले की आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला अजून लागूच झालेले नाही. इतरांची श्रद्धा सांभाळणारा माणूसही स्वतःची श्रद्धा पदाकडे, पोशाखाकडे, पुस्तकाकडे सोपवून मोकळा होऊ शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

रमाबाईंचे ते आठ वर्षांचे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते, कारण ते आपल्यातल्या पुष्कळांचे अंतर आहे, फक्त आपले आठावर थांबत नाही, चाळिसावर जाते. लहानपणी बाप्तिस्मा, मग पहिले कम्युनियन, मग दृढीकरण, मग चर्चमध्ये लग्न, एवढ्या पायऱ्या चढूनही खुद्द ख्रिस्ताशी आपला व्यवहार सुरूच झालेला नसतो. रमाबाईंनी तो कसा सुरू केला? त्यांनी त्या जाणिवेनंतर केलेल्या गोष्टी पाहाव्यात. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या आणि 1900 च्या आसपास तिथल्या त्यांच्या मुक्ती या आश्रमात जवळजवळ दोन हजार बायका-मुली झाल्या. त्यानंतर त्यांनी हाती घेतले बायबलचे भाषांतर. मराठीत बायबल होते, मिशनऱ्यांनी पंडितांच्या मदतीने केलेले. रमाबाईंना ते आपल्या खेड्यातल्या बायांच्या तोंडी बसणारे वाटेना. म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांमधून साध्या मराठीत भाषांतर केले, आणि त्याची छपाई मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रियांनी केली. दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेल्या मुली मोठ्या होऊन देवाच्या वचनाचे खिळे जुळवत होत्या. 1922 च्या 5 एप्रिलला रमाबाई गेल्या, आदल्या वर्षी मुलगी मनोरमा गेली होती, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या समाजात शास्त्र वाचण्याचा अधिकार दुसऱ्यांकडे होता, तिथे एका स्त्रीने तो स्वतःकडे घेतला आणि मग तो इतर स्त्रियांच्या हातात दिला. त्यांच्या श्रद्धेचे नवेपण शेवटपर्यंत टिकले याचे कारण मला इथे दिसते.

नारायण वामन टिळकांची गोष्ट दुसऱ्या बाजूने तेच सांगते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यापासून ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते, मराठी ख्रिस्ती भजनांचे भांडार त्यांनी उभे केले होते, मान होता, पगार होता. 1917 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी तो पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत. मिशन मालक आणि देशी ख्रिस्ती नोकर, हे नाते असेपर्यंत देशी माणसाची श्रद्धा स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुढच्या दीड-दोन वर्षांतच, 9 मे 1919 रोजी, त्यांचा अंत झाला आणि दरबार त्यांच्यामागे फार वाढला नाही. कुणी याला अपयश म्हणेल. पण पन्नाशी उलटलेल्या, प्रतिष्ठा मिळालेल्या माणसाला नव्याने सुरुवात करावीशी वाटली, ही घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने पुरेशी बोलकी आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. श्रद्धा नवी होते ती पवित्र आत्म्याच्या वर्षावाने, जबाबदाऱ्या वाटून घेऊन नव्हे, असे पुष्कळ जण म्हणतील, आणि त्यांच्या बाजूने रमाबाईंचेच उदाहरण देतील. जून 1905 च्या अखेरीस मुक्तीमध्ये जे आत्मिक जागरण झाले ते जगभर गाजले. आपल्याकडेही 1970 च्या दशकात कॅथलिक करिश्माई नवजीवनाची चळवळ मुंबईतून देशभर पसरली, प्रार्थनासभा आणि रिट्रीट यांनी असंख्य माणसांना दारूतून, वैरातून, निराशेतून बाहेर काढले. हे मी मनापासून मान्य करतो. अशा सभेत रडलेल्या माणसाच्या अश्रूंवर शंका घेणारा मी कोण? पण 1905 चा जून सुरू झाला जानेवारीत. रमाबाईंनी त्या महिन्यात विचारले की रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल, आणि सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. पुढच्या महिन्यांत तो आकडा पाचशेच्या वर गेला. पाच-सहा महिने रोज, काहीही न घडता, त्या बसत होत्या. आणि जागरणानंतर त्या मुलींचे गट आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागले. म्हणजे वर्षाव आला तो नेमाच्या दोन काठांमध्ये. आपली गफलत अशी होते की आपण जूनची वाट पाहतो आणि जानेवारी टाळतो. मग तीन दिवसांचे रिट्रीट संपवून माणूस सोमवारी कामावर जातो, घरी कुणी प्रार्थनेला बसत नाही, गल्लीत कुणी ओळखत नाही, आणि महिन्याभरात तो पुढच्या रिट्रीटची तारीख विचारू लागतो. तेही सोपवणेच झाले, या वेळी एखाद्या प्रभावी प्रवचनकाराकडे.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो. आत काही वाटत नसताना गुडघे टेकणे हा दांभिकपणा नाही का? हा प्रश्न प्रामाणिकपणातून येतो म्हणून त्याला आदराने उत्तर दिले पाहिजे. दांभिक तो, जो नसलेली भावना लोकांना दाखवतो. ‘देवा, मला काही वाटत नाही, तरी मी आलो आहे’ असे म्हणून बसणारा माणूस कुणालाही फसवत नाही, निदान देवाला तर नाहीच. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात इफिसच्या मंडळीला जो संदेश आहे तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्या मंडळीकडे काम होते, चिकाटी होती, खोटे शिक्षक ओळखण्याची चोखंदळ नजर होती. गेले होते ते पहिले प्रेम. त्यावर उपाय काय सांगितला? आठवण कर, पश्चात्ताप कर, आणि पहिली कृत्ये पुन्हा कर. पहिल्या भावना पुन्हा आण, असे सांगितलेले नाही, कारण भावना आज्ञेने येत नाहीत, कृती मात्र आज्ञेने सुरू करता येते. लोयोलाच्या संत इग्नेशियसने हेच अधिक काटेकोरपणे सांगितले. मन उजाड असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि प्रार्थनेचा तास नकोसा झाला तर तो कमी करण्याऐवजी थोडा वाढवावा. चुकीच्या वेळी निर्णय घेऊ नये एवढाच त्यात व्यवहार आहे, पण तो फार मोठा व्यवहार आहे.

आणि कृपेचे काय? श्रद्धा हे देवाचे दान आहे, ती कमावता येत नाही, मग माणसाच्या नेमधर्माला एवढे महत्त्व कशाला, असे विशेषतः प्रोटेस्टंट परंपरेतला वाचक विचारेल. दान कमावता येत नाही हे मला पूर्ण मान्य आहे. पण मिळालेले दान न वापरता जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्टही येशूनेच सांगितली आहे, आणि त्या चाकराचा गुन्हा एवढाच होता की त्याने ते सुरक्षित ठेवले.

वेळेच्या सबबीवर फार लिहीत नाही. बोरिवलीहून चर्चगेट गाठणाऱ्याला किंवा रात्रपाळी करणाऱ्या मुलीला वेळ कमी आहे हे खरे, पण रोज एक परिच्छेद बायबल वाचायला लागतात पाच मिनिटे, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ 2010 पासून आपल्या भाषेत उपलब्ध आहे. ज्या घरांत आजीची प्रार्थना गावठाणाच्या बोलीतली, आईची मराठीतली आणि नातवंडांची इंग्रजीतली झाली आहे, तिथे एकत्र वाचनाला कोणती भाषा घ्यायची हा खरा अडसर आहे, वेळ हा नव्हे. दोन भाषांत आलटून पालटून वाचावे. आजीने वाचावे आणि नातवाने अर्थ विचारावा.

अधिक नाजूक प्रश्न समाजाच्या दुखण्यांचा आहे. गावठाणांची जमीन गेली, वस्त्या उखडल्या, क्रूस तोडले गेले, ख्रिस्ती म्हणून आपल्याकडे संशयाने पाहिले जाते. ही दुःखे खरी आहेत, आणि त्यांविरुद्ध सनदशीर मार्गाने उभे राहणे हे कर्तव्य आहे. 1887 मध्ये इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजाची बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली तेव्हापासून हा समाज आपल्या अस्तित्वासाठी झगडत आला आहे. पण अस्मितेची जाग आणि श्रद्धेची जाग एकच आहे असे समजण्याचा मोह इथे होतो. क्रूस पाडला म्हणून शेकडो लोक रस्त्यावर येतात. तोच क्रूस उभा असताना त्याच्यासमोर संध्याकाळी किती जण जमत होते, हा प्रश्न विचारायला हवा. जिथे रोज कुणी मेणबत्ती लावतो तिथल्या क्रूसाला हात लावण्यापूर्वी कुणीही दोनदा विचार करतो, हाही भाग आहेच. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते असे की, ज्याने रोज मेणबत्ती लावली आहे त्याचा निषेधही द्वेषाकडे घसरत नाही. त्याला क्रूसावरच्या माणसाची ओळख असते.

जबाबदारी प्रापंचिकांकडे दिली तर चुकीच्या शिकवणी शिरतील, अधिकाराला धक्का बसेल, अशी भीती काही धर्मगुरूंना वाटते. ती निराधार नाही. अर्धवट वाचलेल्या वचनांवर उभे राहिलेले पंथ उपनगरांत कमी नाहीत. परंतु ही वाट माझी किंवा कुणा बंडखोराची नाही. 21 नोव्हेंबर 1964 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीचा आपला प्रमुख दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस ख्रिस्ताच्या याजकीय, संदेष्ट्याच्या आणि राजाच्या कार्यात वाटेकरी आहे असे म्हटले आहे, आणि कुटुंबाला घरातले चर्च म्हटले आहे. त्यानंतर पंधरवडाही उलटायच्या आत, डिसेंबरच्या सुरुवातीला, पोप सहावे पॉल मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेला आले आणि अख्खे शहर त्यांना पाहायला लोटले. पोप आले ते आपल्याला आठवते. त्यांच्या सहीचा तो दस्तऐवज काय म्हणाला ते आपल्या घरांपर्यंत पोहोचायचे राहून गेले. चुकीच्या शिकवणीवरचा उपाय लोकांच्या हातून बायबल काढून घेणे हा नाही, त्यांच्याबरोबर बसून ते वाचणे हा आहे, आणि ज्या धर्मगुरूला रविवारच्या तयारीपेक्षा अशा बैठकींना वेळ द्यावासा वाटतो तो योग्य तेच करतो आहे.

सर्वांत कठीण आक्षेप शेवटी ठेवला आहे. उदासीन माणसाला काही वाटतच नसेल तर तो हा नेम घेईल तरी कशाला? जबाबदारी घे म्हणून त्याला सांगणे म्हणजे ज्याच्यात उठण्याची इच्छा नाही त्याला ऊठ म्हणून सांगणे. युक्तिवादाने अशी माणसे हलत नाहीत, हे मान्य करावे लागते, आणि हा लेखही त्यांच्यापैकी कुणाला हलवेल अशी मला आशा नाही. पण मार्कच्या शुभवर्तमानात कफर्णहूमची जी हकिकत आहे ती याच माणसाची आहे. पक्षाघात झालेल्याला चौघांनी उचलून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उसकटले आणि त्याला खाली सोडले. तिथे येशूने आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला असे लिहिले आहे. बाजेवरचा माणूस तर पूर्ण प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. कुणी म्हणेल, मग हेही सोपवणेच झाले, त्याची श्रद्धा इतरांनी वाहिली. फरक दोन आहेत. ज्यांनी वाहिले ते त्याला ओळखत होते, त्याच्यासाठी त्यांनी दुसऱ्याच्या घराचे छप्पर मोडण्याचा बोल अंगावर घेतला. आणि शेवटी त्याला सांगण्यात आले की स्वतः ऊठ, आपली बाज आपणच उचल आणि घरी जा. मुंबईच्या धर्मप्रांतात 1980 च्या दशकापासून लघु ख्रिस्ती समुदायांची रचना आहे. बहुतेक समुदायांकडे इमारतीनुसार, चाळीनुसार घरांची यादी असते, आणि तिचा उपयोग बहुधा सणाची वर्गणी आणि नोव्हेनेची पत्रके वाटण्यापुरता होतो. त्या यादीत प्रत्येक पानावर अशी चार-सहा नावे सापडतील की ज्यांच्याकडे गेल्या कित्येक वर्षांत चर्चच्या वतीने पत्रकाशिवाय काही गेलेले नाही. त्यांतल्या कुणाच्या घरी जायचे, कार्यक्रमाचे निमंत्रण न घेता नुसते त्याची चौकशी करायला कधी जायचे, त्याच्यासाठी रोज संध्याकाळी नाव घेऊन कोण प्रार्थना करणार, आणि तो एकदा उठून बसला की त्याच्या हातात क्रूसाजवळची पाळी कधी द्यायची, हे चार शेजाऱ्यांनी एका बाकावर बसून ठरवायचे काम आहे. त्यासाठी फादरांच्या परवानगीची गरज नाही.